बाजारगाव मागच्या गल्लीतून वाचा: चिपिंग कॅम्डनमधला एक दिवस

इंग्लंडमधल्या जुन्या बाजारगावांत बहुतेक पाहुणे एकाच पद्धतीनं फिरतात. हाय स्ट्रीटच्या टोकाला गाडी लावायची, मधाच्या रंगाच्या दगडी घरांचे फोटो काढायचे, चहा आणि स्कोन घ्यायचे आणि दोन तासांत पुढच्या गावाला निघायचं. गाव देखणं आहे एवढंच लक्षात राहतं. हाय स्ट्रीट हा गावाचा दर्शनी चेहरा. हातात पैसा आला की घरमालकांनी तो पुन्हा पुन्हा नव्यानं घडवलेला असतो. सहसा बदलत नाही ते मागचं: परसाच्या भिंती, बोळ, शेतातले चढउतार. म्हणून गाव मागच्या बाजूनं पाहायला सुरुवात करा आणि शेवटी हाय स्ट्रीटवर या. हा क्रम पाळलात तर समोरचा प्रत्येक दगड बोलायला लागतो.

उदाहरणासाठी ग्लॉस्टरशरमधलं चिपिंग कॅम्डन घेऊ. ‘कॅम्डन’च्या स्पेलिंगमध्ये ‘प’ आहे, पण उच्चारात नाही. ‘चिपिंग’ हा जुन्या इंग्रजीतला बाजारासाठीचा शब्द. लंडनच्या चीपसाइडमध्येही तोच आहे. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘पेठ’ लागते तसाच. बाराव्या शतकात इथे बाजार भरवायची राजाची परवानगी मिळाली, चौदाव्या-पंधराव्या शतकांत लोकरीच्या पैशानं गाव भरभराटीला आलं, आणि नंतर कारखानदारीचा लोंढा दुसरीकडे वळला. त्यामुळे जुनं पाडून नवं बांधायची वेळ इथे फारशी आलीच नाही.

घरी बसून करायची तयारी

तयारीला एक संध्याकाळ पुरते. तीन नकाशे लागतात.

पहिला ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर, क्रमांक ओएल ४५. प्रमाण १:२५,०००, म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर कागदावर ४ सेंटिमीटर. दुकानात त्याच्या शेजारीच लँडरेंजर मालिकेतला १५१ क्रमांकाचा नकाशा दिसेल. त्याचं प्रमाण १:५०,०००. एका कागदावर जास्त मुलूख येतो म्हणून लोक तोच उचलतात आणि पस्तावतात. लँडरेंजरवर शेतांचे बांध दाखवलेले नसतात. वाट कुंपणाच्या डावीकडून जाते की उजवीकडून, हे एक्सप्लोररवरच कळतं, आणि शेतात उभं राहिल्यावर नेमका तोच प्रश्न पडतो.

नकाशावरच्या निळ्या रेषांचा प्रत्येक चौकोन १ किलोमीटरचा असतो. आकडे वाचताना आधी आडवे, मग उभे. कॅम्डन गाव एसपी १५ ३९ या चौकोनात आहे; ‘एसपी’ ही नकाशाच्या मोठ्या विभागाची अक्षरं. एवढं पक्कं झालं की वाट चुकल्यावर फोनवरून मदत मागतानाही आपली जागा सांगता येते.

दुसरा नकाशा जुना हवा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले पंचवीस इंची नकाशे फुकट पाहता येतात. हे नाव मैलाला पंचवीस इंच या मापावरून पडलं, प्रमाण १:२,५००. त्यावर प्रत्येक घर आणि परसाची भिंत स्वतंत्र दाखवलेली असते. हाच नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पारदर्शकता कमीजास्त करा आणि हाय स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना घरांमागे धावणाऱ्या समांतर रेषा शोधा. त्यांच्याकडे थोड्याच वेळात येऊ.

तिसरा नकाशा म्हणजे संरक्षित इमारतींची राष्ट्रीय यादी. तीही फुकट आहे आणि नकाशावर टिचकी मारून उघडते. इमारतींचे तीन दर्जे आहेत. पहिल्या दर्जात सुमारे २.५ टक्के, ‘टू स्टार’ दर्जात सुमारे ५.८ टक्के आणि उरलेल्या सगळ्या दुसऱ्या दर्जात. ही यादी वाचताना एक काळजी घ्या. जुन्या नोंदी बहुधा रस्त्यावरून दिसेल तेवढंच पाहून लिहिलेल्या आहेत. ‘अठराव्या शतकाची सुरुवात’ असं लिहिलं असेल तर तो काळ अनेकदा फक्त दर्शनी भिंतीचा असतो. आत त्याहून तीनशे वर्षं जुनी लाकडी चौकट असू शकते.

कधी आणि कसं जायचं

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून मोर्टन-इन-मार्शपर्यंत रेल्वेनं साधारण दीड तास. तिथून कॅम्डन ११ किलोमीटर, बसनं. कॅम्डनचं स्वतःचं स्थानक १९६६ मध्ये बंद झालं. रूळ अजून तिथूनच जातात, पण गाडी थांबत नाही. बसचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहा, आणि येण्याच्या बसच्या आधी परतीची शेवटची बस लिहून ठेवा. रविवारी आणि बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, बसच्या भरवशावर निघू नका. मंगळवारी गेलात तर मोर्टनचा आठवडी बाजारही पाहायला मिळेल.

महिना निवडताना फुलांपेक्षा उन्हाचा विचार करा. मे-जूनमध्ये गाव सर्वांत सुंदर दिसतं, पण ऊन डोक्यावर असतं आणि गवत वाढलेलं असतं, त्यामुळे जमिनीवरच्या खुणा झाकल्या जातात. नोव्हेंबर ते मार्चअखेर ऊन तिरपं पडतं, गवत आखूड असतं आणि जमिनीतला वीतभर चढही सावली टाकतो. त्याची किंमत चिखलात मोजावी लागते. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून शेतातला भाग तेव्हा सकाळीच उरकावा. एकच दिवस निवडायचा असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला कोरडा दिवस घ्या.

बूट घोट्यापर्यंतचे आणि पाणी न शिरणारे. इथली माती ओली असताना तळव्याला थरावर थर चिकटते आणि सपाट तळव्याचा बूट उतारावर सरळ घसरतो. सोबत अंगावरचं पावसाळी जॅकेट, छोटी विजेरी, पाणी आणि चर्चच्या दानपेटीसाठी थोडी नाणी.

पहिला टप्पा: मागच्या गल्ल्या

बसमधून उतरलात की हाय स्ट्रीटवर रेंगाळू नका. एका बाजूला घरांच्या मागून बॅक एंड्स नावाची गल्ली जाते, दुसऱ्या बाजूला काफ लेन. या दोन गल्ल्यांसाठी पाऊण तास द्या.

मध्ययुगात जहागीरदारानं बाजारगाव वसवताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबट, अरुंद पट्ट्या आखून त्या ठरीव खंडानं दिल्या. अशा पट्टीला बर्गेज प्लॉट म्हणतात. रस्त्याकडची बाजू सर्वांत मोलाची, कारण गिऱ्हाईक तिथे. म्हणून प्रत्येकाला समोर थोडी आणि मागे भरपूर जागा मिळाली. पुढे दुकान आणि घर, मागे गोठा, कोठार, दारू गाळायची खोली, भाजीचा वाफा, आणि अगदी शेवटी मागच्या गल्लीकडचं फाटक. ढोरं आणि खताच्या गाड्या त्या फाटकातून आत यायच्या. कोकणात घराच्या मागीलदारी जो कारभार चालतो, तोच इथे पट्टीत बसवलेला आहे.

या पट्ट्या पायांनी मोजता येतात. माप पर्चचं: १ पर्च म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे ५.०३ मीटर. कॅम्डनपासून जवळच असलेल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या पट्ट्यांची मापं नोंदलेली आहेत. ते गाव ११९६ मध्ये वसवलं तेव्हा प्रत्येक पट्टी साडेतीन पर्च रुंद आणि १२ पर्च लांब होती, म्हणजे सुमारे १७.६ गुणिले ६०.४ मीटर, आणि वर्षाचा खंड १२ पेन्स. मापाचा अंदाज यायला हे उदाहरण पुरेसं आहे.

आता मोजायचं कसं. आधी घराजवळ मोजून घेतलेल्या १०० मीटर अंतरात आपली किती पावलं पडतात ते पाहा. बहुतेक प्रौढांची १३० ते १४५ पडतात. मग मागच्या गल्लीत एका परसाच्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपर्यंत पावलं मोजा आणि मीटर काढा. आकडा ५, १० किंवा १५ च्या आसपास आला तर मूळ पट्टी किंवा तिची वाटणी सापडली असं धरायला हरकत नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, विक्री झाली, की पट्टीचे उभे दोन किंवा तीन भाग पडत. रुंदी बदलली तरी भिंतीची दिशा तीच राहिली.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, माप पुढून घेणं. पुढच्या बाजूला दोन घरांमध्ये घोडागाडीची कमान असते. तिची रुंदी कुठल्या घरात धरायची हे बाहेरून कळत नाही, म्हणून आकडा चुकतो. दुसरी, सगळं पर्चच्या मापात बसलंच पाहिजे असा हट्ट. मध्ययुगात मापाची काठी गावोगाव थोडी वेगळी असे. दहा पट्ट्यांपैकी चार जुळल्या तरी समाधान माना.

दुसरा टप्पा: छप्पर, मग खिडकी, सगळ्यात शेवटी दार

आता हाय स्ट्रीटवर या आणि मान वर करा. कॉट्सवोल्ड या इथल्या डोंगराळ मुलखाचं दगडी छप्पर हे इथल्या कारागिरीचं सर्वांत अस्सल काम आहे. त्यापुढून लोक सरळ चालत जातात याचं वाईट वाटतं. एका घरासमोर पाच मिनिटं उभे राहा. पागोळ्यांकडची ओळ पाहा: तिथल्या पातळ दगडी पाट्या दोन-दोन फूट लांब असतात. नजर वर सरकवत जा. प्रत्येक ओळीत पाटी थोडी आखूड होत जाते आणि आढ्याजवळ ती तळहाताएवढीच उरते. खाणीतून लहानमोठ्या आकाराच्या पाट्या निघत आणि त्यांतली एकही वाया घालवायची नसे, म्हणून हा उतरता क्रम. शिवाय वजनदार पाट्या भिंतीवर येतात आणि हलक्या वासे जिथे एकत्र येतात तिथे. कारागिरांनी प्रत्येक आकाराला नाव दिलं होतं. काही आकारांना ‘बॅचलर’ म्हणत. पाटीच्या डोक्याला एकच भोक, त्यात ओकची खुंटी, आणि ती आडव्या पट्टीवर अडकवलेली.

छपराचा उतार ५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. चुनखडीची पाटी पाणी शोषते. उतार कमी ठेवला तर पाणी रेंगाळतं आणि हिवाळ्यात गोठून पाटीचे पापुद्रे सुटतात. म्हणून एखाद्या जुन्या घराचं छप्पर शेजाऱ्यांपेक्षा बरंच कमी उताराचं दिसलं, तर ते नंतर वेल्सच्या स्लेटसाठी बदललेलं असण्याची शक्यता मोठी.

मग खिडक्या. दगडी उभ्या दांड्यांनी विभागलेली आणि वर पाणी उडवणारी दगडी पट्टी असलेली खिडकी सहसा सोळाव्या-सतराव्या शतकातली. वर-खाली सरकणारी उंच लाकडी खिडकी सतराव्या शतकाच्या अखेरीनंतरची. मात्र कॉट्सवोल्डमध्ये गवंडी जुन्या धाटणीला चिकटून राहिले आणि दगडी दांड्यांच्या खिडक्या अठराव्या शतकातही घडवत होते. तेव्हा एकट्या खिडकीवरून काळ ठरवू नका. कमानीच्या बोळातून बाजूची भिंत दिसत असेल तर ती पाहा. पुढे रेखीव तासलेला दगड आणि बाजूला ओबडधोबड अशी जोडी दिसली की जुन्या घराला नवा चेहरा चढवलाय हे नक्की.

बुजवलेली खिडकी दिसली की कुणीतरी खिडकीकराची गोष्ट सांगतोच. तो कर खराच होता, १६९६ ते १८५१ पर्यंत. पण प्रत्येक बुजवलेली खिडकी करामुळे बुजवलेली नसते. काही तर दर्शनी भाग दोन्हीकडे सारखा दिसावा म्हणून मुळातच आंधळ्या बांधलेल्या असतात. आतून जिना किंवा धुरांडं जात असेल तिथे हे विशेष आढळतं. दारावर कोरलेल्या सालाचंही तसंच. ते बांधकामाचं, दुरुस्तीचं किंवा लग्नाचंही असू शकतं.

या रस्त्यावर दोन घरांसाठी वेळ राखून ठेवा. ग्रेव्हल हाउस साधारण १३८० चं, लोकरीचा व्यापारी विल्यम ग्रेव्हल याचं. त्याची दोन मजली, पुढे आलेली खिडकी पाहा. दगडातलं जाळीकाम चर्चच्या खिडकीसारखंच आहे, कारण ज्या पद्धतीचे गवंडी देवाचं घर बांधत तेच व्यापाऱ्यानं कामाला लावले. समोरच्या बाजूला वूलस्टेपलर्स हॉल आहे, चौदाव्या शतकातला. दोन्ही घरांत आज माणसं राहतात. समोरच्या पदपथावरून पाहा. काचेला नाक लावू नका.

बाजारकट्टा

रस्त्याच्या मधोमध कमानींवर उभा असलेला मार्केट हॉल १६२७ चा. लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांसाठी तो सर बाप्टिस्ट हिक्स यानं बांधून दिला. हिक्स लंडनचा रेशीम-कापडाचा व्यापारी. राजदरबाराला कापड आणि कर्ज दोन्ही पुरवून तो गबर झाला आणि त्यानं कॅम्डनची जहागीर विकत घेतली. आत जा, कुलूप नसतं. पायाखालची फरसबंदी इतकी खाचखळग्यांची आहे की बाबागाडी उचलूनच न्यावी लागते. वर ओकचं उघडं छप्पर दिसतं. चारही बाजूंनी वारा खेळतो, सूर्य कुठूनही आला तरी लोण्यावर ऊन पडत नाही. इमारतीचा सगळा विचार एवढ्यात आहे. आज ती जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे.

हिक्सचंच दुसरं काम चर्चकडे जाताना लागतं: १६१२ मध्ये बारा गरीब वृद्धांसाठी बांधलेली घरांची ओळ. त्यांच्यासमोर रस्त्यालगत दगडी बांधणीचा एक खोलगट हौद आहे. बैलगाडी-घोडागाडी त्यात उतरवून चाकं धूत, आणि कोरड्या हवेत लाकूड आक्रसून लोखंडी धाव ढिली पडू नये म्हणून चाकं भिजवतही. उन्हाळ्यात चाकांना पाणी पाजणं आपल्या खेड्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे हा हौद मराठी माणसाला लगेच ओळखू येतो.

दुपारचं जेवण इथेच उरका. पबमध्ये टेबलाशी कुणी विचारायला येईल म्हणून बसून राहू नका. टेबलाचा क्रमांक पाहायचा आणि बारपाशी जाऊन सांगायचं, हीच सर्वसाधारण रीत. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं. अडीचला पोचणाऱ्याला चिप्सच्या पाकिटावर भागवावं लागतं.

तिसरा टप्पा: सेंट जेम्स चर्च

एक तास द्या. आत शिरण्याआधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. १२० फुटी मनोरा आणि भिंतीपेक्षा काचच जास्त वाटावी अशा उंच खिडक्या ही ‘परपेंडिक्युलर’ शैली, साधारण १३५० ते १५४० ची. ओळखायची खूण सोपी: खिडकीच्या उभ्या दांड्या खालून निघून कमानीच्या टोकापर्यंत सरळ जातात. कमान अर्धगोल असेल तर नॉर्मन, ११९० च्या आधीची. अरुंद आणि टोकदार, भाल्याच्या पात्यासारखी खिडकी तेराव्या शतकातली. वळणदार, वेलीसारखी जाळी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. या चार खुणांवर इंग्लंडमधली बहुतेक जुनी चर्च वाचता येतात. एकाच इमारतीत दोन-तीन शैली सापडणं नेहमीचंच. गावात पैसा केव्हा होता हे त्यावरून कळतं.

आत वेदीपुढच्या फरशीत विल्यम ग्रेव्हलची पितळी पाटी आहे. तो १४०१ मध्ये वारला. शेजारी पत्नी मॅरियन, दोघांवर कोरलेली कमान. कडेच्या लॅटिन मजकुरात त्याला ‘सबंध इंग्लंडातल्या लोकर व्यापाऱ्यांचं फूल’ म्हटलंय. विजेरी वरून मारली तर पितळ चमकतं आणि काही दिसत नाही. विजेरी जमिनीलगत आडवी धरा, मग कोरलेल्या रेषांत सावली भरते आणि कपड्यांच्या घड्यासुद्धा उठून दिसतात. पाटीवर पाय देऊ नका. वर गालिचा असेल तर तो स्वतः न उचलता तिथल्या स्वयंसेवकाला विचारा. मेणाच्या कांडीनं कागदावर ठसा घ्यायचा असेल तर परवानगी आधी काढावी लागते.

दक्षिणेकडच्या खोलीत हिक्स घराण्याची संगमरवरी स्मारकं आहेत. हिक्सची मुलगी ज्युलियाना आणि तिचा नवरा यांचं स्मारक जोशुआ मार्शल या शिल्पकारानं १६६४ मध्ये घडवलं. कपाटासारखी काळी दारं उघडी आहेत आणि आत दोघं कफन गुंडाळून, हातात हात घालून उभी आहेत. पुनरुत्थानाच्या दिवशी थडग्यातून एकत्र बाहेर पडायला निघालेली.

चर्चच्या शेजारी हिक्सच्या वाड्याचं प्रवेशद्वार शिल्लक आहे. वाडा १६४५ मध्ये, यादवी युद्धात, राजाच्याच सैन्यानं निघताना जाळला, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. मागे उरले ते भिंतीचे तुकडे आणि मेजवानीचे दोन छोटे बंगले.

चौथा टप्पा: शेतातले वरंबे

चर्चच्या मागचं कोनीग्री हे मोकळं रान नॅशनल ट्रस्टचं आहे. नावाचा अर्थ सशांचं रान: जहागीरदार मांसासाठी आणि कातड्यासाठी ससे पाळत. उन्हाकडे तोंड करून उभे राहा. या पट्ट्यातल्या जुन्या कुरणांत गवताखाली लांबच लांब लाटा दिसतात. मध्ययुगातली नांगरट म्हणतात ती हीच. आपल्या सरी-वरंब्यासारखी, पण फार मोठ्या मापाची: दोन वरंब्यांमध्ये बहुधा ७ ते १० मीटर.

त्या नांगराचा फाळ माती नेहमी उजवीकडेच टाकायचा. पट्टीच्या मध्यापासून गोल गोल फिरत नांगरलं की माती दरवर्षी मध्याकडे सरकत जाई आणि वरंबा चढत जाई. लाटांची टोकं नीट पाहिलीत तर त्या सरळ नसतात, उलट्या ‘एस’ अक्षरासारख्या किंचित वळतात. आठ बैलांची लांबलचक जुंपणी बांधाशी वळवायची तर आधीपासूनच कडेला घ्यावी लागे, ते हे वळण. नांगरानं काढलेल्या एका सरीची लांबी म्हणजे फर्लांग, २२० यार्ड किंवा २०१ मीटर. मैलाचा आठवा भाग म्हणून पाठ केलेला शब्द मुळात बैलाच्या दमाचं माप आहे.

एवढ्या जुन्या खुणा टिकल्या कशा? धान्यापेक्षा लोकरीत पैसा दिसू लागला, शेतं गवताखाली गेली, मेंढरं चरू लागली आणि पुन्हा खोल नांगर फिरला नाही. ग्रेव्हलची पाटी आणि हे वरंबे एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. लाटा एकदम सरळ आणि ५ मीटरपेक्षा अरुंद असतील तर मात्र त्या बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या वाफेच्या किंवा घोड्यांच्या नांगराच्या.

पाचवा टप्पा: वाटेचा हक्क आणि डोव्हर्स हिल

इंग्लंडमध्ये ‘फुटपाथ’ म्हणजे शेतातून, कुरणातून जाणारी पायवाट. रस्त्याकडेच्या पदपथाला तिथे ‘पेव्हमेंट’ म्हणतात. जमीन खासगी असली तरी नोंदलेल्या पायवाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांना आहे. एक्सप्लोररवर या वाटा हिरव्या तुटक रेषेनं दाखवतात: आखूड तुकडे म्हणजे पायी जाणाऱ्यांसाठी, लांब तुकडे म्हणजे घोडा आणि सायकलसाठीही. फाटकांवर पायवाटेचा बाण पिवळा, घोड्याच्या वाटेचा निळा. सर्वांत जास्त फसगत होते ती काळ्या तुटक रेषेनं. ती वाट जमिनीवर आहे एवढंच सांगते. तिच्यावर जायचा हक्क आहे असं नाही.

नांगरलेल्या शेतातून वाट जात असेल तर शेतकऱ्यानं ती पुन्हा मोकळी करून द्यायची असते: पेरणीसाठी पहिल्यांदा नांगरल्यावर १४ दिवसांत, नंतरच्या मशागतीनंतर २४ तासांत. मधून जाणाऱ्या पायवाटेची रुंदी वेगळी नोंदलेली नसेल तर किमान १ मीटर. बांधाच्या कडेची वाट नांगरायचीच नसते. मोहरीसारखं पिवळं पीक वाटेवर वाढलेलं दिसलं तर एकामागून एक, नेमक्या रेषेत, त्यातून चालत जा. पिकाची दया येऊन कडेनं वळसा घालणं भलेपणाचं वाटतं, पण तिथे आपला हक्क नसतो. वाट पूर्ण अडवलेली असेल तर फोटो आणि नकाशातले आकडे काउंटी कौन्सिलला कळवा.

गुरांबद्दल गांभीर्यानं सांगायला हवं. दहा महिन्यांवरचा दुभत्या जातीचा वळू पायवाट असलेल्या शेतात सोडायला कायद्यानं बंदी आहे. इतर जातींचा वळू गाईंच्या कळपाबरोबर असेल तर चालतो. पण खरा धोका वासरं असलेल्या गाईंचा. त्यांच्या आणि वासरांच्या मधून जाऊ नका, पळू नका, लांबून वळसा घ्या. सोबत कुत्रा असेल आणि कळप अंगावर आला तर कुत्र्याची दोरी सोडा. गाईंचा राग कुत्र्यावर असतो आणि कुत्रा तुमच्याहून वेगानं निसटतो. फाटक जसं होतं तसंच ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

डोव्हर्स हिलला जायला मार्केट हॉलपासून हाय स्ट्रीटनं खाली कॅथलिक चर्चपर्यंत जा आणि हू लेनकडे वळा. ओकच्या फळाची खूण दिसेल. ती राष्ट्रीय पायवाटांची. ही कॉट्सवोल्ड वे, इथून बाथपर्यंत १०२ मैल. आपल्याला त्यातला पहिला एकच मैल चालायचाय. चढ ८० मीटरच्या आसपास. ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास, हा नेस्मिथचा १८९२ मधला हिशेब दमदार माणसाचा आहे. मुलं आणि चिखल धरून ताशी ३ किलोमीटर धरा; वर पोचायला पाऊण तास पुरतो.

वर डोंगराची कड एकदम तुटते आणि खाली ईव्हशमचं खोरं पसरतं. या नैसर्गिक रंगमंचावर रॉबर्ट डोव्हर यानं १६१२ मध्ये खेळांची जत्रा सुरू केली, ‘कॉट्सवोल्ड ऑलिंपिक’. आधुनिक ऑलिंपिकच्या पावणेतीनशेहून जास्त वर्षं आधी. १८५२ मध्ये ती बंद पडली, १९५१ मध्ये पुन्हा भरली. आता ती मे अखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी भरते. जाण्याआधी त्या वर्षी आहे ना हे पाहून घ्या. नडगीला नडगीनं मारून पाडायची कुस्ती हा मुख्य खेळ. पायजम्यात पेंढा कोंबतात, एकमेकांची खांदपट्टी धरतात, पंचाला ‘स्टिकलर’ म्हणतात. अंधार पडल्यावर मशाली घेऊन सगळे गावात उतरतात. तेव्हा शेवटची बस केव्हाच गेलेली असते, त्यामुळे मुक्काम आधी ठरवा.

वेळ उरला तर

दक्षिणेला दीड किलोमीटरवर ब्रॉड कॅम्डन आहे. सी. आर. ॲशबी या वास्तुरचनाकारानं १९०२ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमधून हस्तकारागिरांचा आपला संघ कॅम्डनला आणला. १९०८ मध्ये संघ मोडला, पण शीप स्ट्रीटवरच्या जुन्या रेशीम गिरणीत त्या परंपरेतलं चांदीकाम पुढेही चालू राहिलं. ॲशबीनंच ब्रॉड कॅम्डनमधलं पडीक नॉर्मन चॅपल आनंद कुमारस्वामींसाठी राहण्याजोगं केलं. हस्तकारागिरीचा पुरस्कर्ता विल्यम मॉरिस यानं वापरलेल्या छापयंत्रावर कुमारस्वामींचा मध्ययुगीन सिंहली कलेवरचा ग्रंथ इथेच, १९०८ मध्ये छापून पूर्ण झाला. भारतीय कलेकडे पाहायची दृष्टी घडवणारा माणूस या एवढ्याशा वाडीत राहत होता. घर खासगी आहे, आत जाता येत नाही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर मोर्टनच्या पुढचं लंडनकडचं स्थानक किंगहॅम. तिथे उतरून तीन-साडेतीन किलोमीटरवर डेल्सफर्ड आहे, चालत तासभर धरा. मराठ्यांशी १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा कलकत्त्यात गव्हर्नर जनरल असलेला वॉरन हेस्टिंग्ज मूळचा इथल्या घराण्यातला. हातची गेलेली वडिलोपार्जित जहागीर त्यानं १७८८ मध्ये परत विकत घेतली. १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, तो वारला. गावच्या छोट्या चर्चबाहेर त्याची समाधी आहे: चौथऱ्यावर कलश, त्यावर नाव आणि साल. वाटेत काही भाग गाडीरस्त्याच्या कडेनं जातो आणि तिथे पदपथ नाही; समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूनं चाला.